थरथरता कॅनव्हास: वाचनालयातल्या तैलचित्रांच्या प्रकल्पाच्या नोंदी

१८ जून २०२५

पुण्याच्या पेठेतल्या एका जुन्या वाचनालयाचं पत्र कॉलेजात बरेच दिवस फिरत होतं, ते अखेर माझ्या टेबलावर आलं. पहिल्या मजल्यावरच्या सभागृहात संस्थापकांची आणि देणगीदारांची तैलचित्रं आहेत, बहुतेक शंभरीच्या आसपासची. त्यांच्या रंगाचे पोपडे सुटायला लागलेत. कार्यकारिणीचं निदान आधीच तयार: "हादऱ्यांनी होतंय." हादरे कसले, यावर मात्र एकमत नाही. कुणाचं बोट पीएमपीच्या बसकडे, कुणाचं भुयारी मेट्रोकडे (जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला), आणि बहुतेकांचं गणपतीतल्या डीजेकडे. विसर्जन मिरवणूक खिडकीखालूनच जाते. यंदा अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला, म्हणजे हातात जेमतेम अडीच महिने.

शेवटच्या वर्षाच्या दोघा विद्यार्थ्यांना हाच प्रकल्प दिला. सोबत एक चित्रसंवर्धक मॅडम आहेत. चित्राला हात फक्त त्या लावणार, आम्ही मोजणार आणि गणित मांडणार, एवढं आधी ठरवून घेतलं.

२३ जून

पहिलं चित्र उतरवलं. संस्थापकांचं, बसलेलं, पागोटं आणि उपरणं घातलेलं. ९० बाय १२० सेमी. सही नाही. पुढून पाहिलं तर वाईट दिसत नाही. खरी गोष्ट मागच्या बाजूला आहे.

टांगणी जुन्या पद्धतीची: वर एका खिळ्याला सुतळी, खाली दोन लाकडी खुंट्या, आणि चित्र पुढे कललेलं. खालचा डावा कोपरा खुंटीवर नीट टेकतच नाही, बोटाने दाबलं की भिंतीवर टक्कन आपटतो. कॅनव्हास ज्या लाकडी चौकटीवर ताणतात तो स्ट्रेचर; त्याच्या कोपऱ्यांत पाचरी असतात, त्या ठोकून कॅनव्हास ताणायचा असतो. इथे अर्ध्या पाचरी जागेवर नाहीत. त्या सापडल्या कॅनव्हास आणि खालच्या पट्टीच्या मधल्या खाचेत, सोबत शंभर वर्षांची धूळ, चुन्याचे खडे आणि पालीची रिकामी अंडी. या कचऱ्याने खालच्या कडेला पुढून फुगवटा आलाय आणि पोपडे नेमके तिथेच सुटलेत.

भेगांचा नकाशा काढला. दोन प्रकार स्पष्ट दिसतात. कोपऱ्यांतून तिरप्या निघालेल्या भेगा ताणाच्या आहेत. दुसऱ्या प्रकारच्या भेगा स्ट्रेचरच्या आतल्या कडेला समांतर, चारही बाजूंनी, जणू पट्टी ठेवून आखल्यात. मॅडम म्हणाल्या, हे तर बहुतेक सगळ्या जुन्या चित्रांत असतं. असेलही, पण यांत्रिकीच्या माणसाला ही रेघ दिसली की तो आधी विचारणार, कॅनव्हास इथे पट्टीला लागतो का? लागतो. मधोमध हाताने हलकी हवा घातली तरी कडेजवळ पट्टीला टेकतो.

१ जुलै

मुलांना आधी फळ्यावरचं काम. चौकटीत ताणलेला कॅनव्हास म्हणजे पडदा. त्याची पहिली वारंवारता तीन गोष्टींवर ठरते: ताण, दर चौरस मीटरचं वस्तुमान आणि लांबी-रुंदी. ताणाला वस्तुमानाने भागायचं, त्याला रुंदीच्या वर्गाचा व्यस्त अधिक लांबीच्या वर्गाचा व्यस्त या बेरजेने गुणायचं, वर्गमूळ काढायचं आणि निम्मं करायचं.

ताण मीटरला १५० न्यूटन धरला, कॅनव्हास, सरस, अस्तर आणि रंग मिळून वस्तुमान चौरस मीटरला ०.८ किलो. उत्तर ९.५ हर्ट्झ. उभ्या दिशेने दोन भागांत हलणारा पुढचा प्रकार १३.७ हर्ट्झ.

एका विद्यार्थ्याने लगेच पिकासोच्या 'गेर्निका'चं गणित केलं. ३.४९ बाय ७.७७ मीटर, हाच ताण आणि हेच वस्तुमान धरलं तर २ हर्ट्झच्या जरा वर. चांगल्या एअर सस्पेन्शनच्या ट्रकची स्वतःची वारंवारता १ ते २ हर्ट्झ असते, त्यामुळे एवढं मोठं चित्र ताणलेल्या अवस्थेत ट्रकमध्ये घालायचा विचारसुद्धा नको. ते चित्र कित्येकदा गुंडाळून फिरवलं गेलं आणि त्या गुंडाळण्यानेच त्याचे हाल झाले. आता ते माद्रिदबाहेर जात नाही.

९ जुलै

प्रयोगशाळेत त्याच मापाचा नकली कॅनव्हास तयार झाला. सुताराकडून स्ट्रेचर, वर तागाचं कापड, सरसाचा हात, खडूचं अस्तर, तैलरंगाचे दोन थर. रंग इतक्यात पुरता सुकणार नाही आणि शंभर वर्षांचा ठिसूळपणाही त्यात येणार नाही, पण वस्तुमान आणि ताण यांसाठी पुरेसा आहे.

बोटाने हलकी टिचकी मारून नोंद घेतली. पहिली वारंवारता ९.५ नाही, ७ च्या आसपास आली. सेन्सर चिकटवल्याने कमी झाली का, असा मुलांना संशय. तपासलं: पडद्याच्या पहिल्या प्रकारात (सगळा पडदा एकदम आत-बाहेर) हलणारं परिणामी वस्तुमान एकूण वस्तुमानाच्या पाव, म्हणजे इथे सुमारे २१५ ग्रॅम. मध्यभागी २० ग्रॅमचा सेन्सर लावला तर वारंवारता चार-साडेचार टक्के घटेल, पंचवीस टक्के नाही. लेझरने, न चिकटवता मोजलं तरी आकडा तिथेच.

उरलेली घट हवेची. एवढा मोठा आणि एवढा हलका पृष्ठभाग हलतो तेव्हा पुढची-मागची हवाही त्याच्यासोबत ढकलली जाते. उलटं गणित केलं तर चौरस मीटरला आणखी ०.६५ किलो वस्तुमान चिकटल्यासारखं होतं, कॅनव्हासच्या स्वतःच्या वजनाच्या पाऊणपट. प्रकल्पाचा अर्धा जीव या हवेत आहे, असं मला आज वाटू लागलंय. जी हवा हलताना वजन होते, तिला मागून कोंडलं तर ती स्प्रिंग होईल.

अवमंदनही, म्हणजे थरथर किती लवकर विझते तेही, मोजलं. पाच आंदोलनांत आयाम (झोक्याचा पल्ला) निम्म्यावर येतो, म्हणजे अवमंदन गुणोत्तर सुमारे २.२ टक्के, आणि अनुनादाच्या वेळी, म्हणजे बाहेरचा हादरा कॅनव्हासच्या स्वतःच्या वारंवारतेला आला की, वाढ वीसपटीच्या वर.

१७ जुलै

वाचनालयाच्या भिंतीवर जिओफोन (थरथर मोजणारे सेन्सर) लावून ठेवले होते, त्यांच्या नोंदी आल्या. भिंत दोन फूट जाडीची, विटा-चुन्याची, अगदी धडधाकट. बस खड्ड्यातून गेली की १० हर्ट्झच्या आसपास थरथर येते, सर्वांत मोठी मिळाली ती सेकंदाला १ मिमीच्या आत. तुलनेसाठी: जुन्या, नाजूक इमारतींसाठी जर्मन मानक डीआयएन ४१५० पायाशी १० हर्ट्झखाली ३ मिमी प्रति सेकंद मर्यादा धरतं, आणि शेजारी बांधकाम चालू असताना संग्रहालयं साधारण २ ते २.५ वर इशारा ठेवतात. पण यातला पहिला आकडा इमारतीचा आहे, कॅनव्हासचा नाही, हे मुलांना दोनदा सांगावं लागलं.

मेट्रोची खूण नोंदीत गोंगाटातून वेगळी काढता आली नाही. कार्यकारिणीतल्या एका ज्येष्ठांना हे अजिबात आवडलेलं नाही.

सर्वांत जास्त हलते ती लाकडी जमीन. सागवानी तुळया, मधोमध चालणाऱ्या माणसाच्या पावलाला ती चांगलीच दाद देते. पण चित्रं बाहेरच्या भिंतीवर आहेत, तुळयांवर नाहीत, म्हणून तूर्त सोडून दिलं.

आता बसचं गणित. भिंत १ मिमी प्रति सेकंद, वारंवारता कॅनव्हासच्या जवळ, समजा ८ हर्ट्झ. भिंतीचं विस्थापन ०.०२ मिमी. चौकट एकसारखी हलली तर पहिल्या प्रकारासाठी १.६ चा गुणक, अनुनादाची वाढ वीसपट: कॅनव्हासचा मध्य ०.६५ मिमी. तेही बस तिथेच एका जागी थरथरत राहिली तर. प्रत्यक्षात ती दोन-तीन आंदोलनांत निघून जाते आणि अनुनाद भरायला वेळच मिळत नाही.

२४ जुलै

आज बराच वेळ वाद झाला, पण काम पुढे सरकलं.

प्रश्न असा: कॅनव्हास २ मिमी हलला तर रंग फुटतो का? अर्ध्या साइनच्या आकारात एक मीटर रुंदीचा पडदा २ मिमी फुगला तर सरासरी ताणविकार (मूळ लांबीच्या मानाने किती ताणलं गेलं ते) दहा लाखांत दहा, म्हणजे ०.००१ टक्का. वाकण्यामुळे पृष्ठभागावर येणारा विकारही तेवढाच निघतो. जुना, ठिसूळ रंग तुटायला याच्या निदान शेकडोपट विकार लागतो. नीट चिकटलेला रंग या थरथरीने फुटत नाही. स्मिथसोनियनमधल्या मॅरियन मेकलेनबर्ग यांनी रंगाचे पापुद्रे यंत्रात ओढून जे काम केलं आणि १९९१ मध्ये लंडनला चित्रांच्या वाहतुकीवर परिषद झाली तेव्हा जे पुढे आलं, त्याचाही रोख हाच होता: मोठे शत्रू म्हणजे आर्द्रता, थंडीने येणारा ठिसूळपणा आणि पडल्याचा धक्का. कंपन त्यांच्या मागून येतं.

"मग पोपडे का सुटतात?" मॅडमचा प्रश्न रास्त होता.

माझं उत्तर: जिथे रंग आधीच सुटलाय तिथे ही गणितं लागू पडत नाहीत. एका कडेवर लटकलेला पापुद्रा हलताना बिजागरीवर झुलतो. पट्टीच्या कडेला सैल कॅनव्हास आपटतो तिथे दहा लाखांत दहा हा हिशेब संपतो, तिथे छोटे छोटे ठोसे बसतात. आणि खालच्या खाचेतल्या कचऱ्यावर ताणलेला भाग तर मुळातच वाकलेला आहे. म्हणजे खर्च भिंतीवर करायचा नाही, रस्त्यावरही नाही. करायचा तो चित्राच्या पाठीवर, आणि त्याआधी सुटलेला रंग बसवण्यावर.

कार्यकारिणीला भिंतीवर रबराच्या पॅडवर बसवलेली दुसरी चौकट हवी होती, कुणीतरी कोटेशनही आणलं होतं. रबरी पॅडवर चढवलेल्या जड चौकटीची वारंवारता १० हर्ट्झच्या आसपास येईल. स्वतःच्या वारंवारतेच्या १.४१ पट वर गेल्यावरच असा आधार कंपन कमी करतो, त्याखाली वाढवतो. कॅनव्हासची ७ हर्ट्झ नेमकी त्या वाढीच्या पट्ट्यात. पैसे घालून नुकसान विकत घ्यायचं. कोटेशन परत पाठवलं.

३ ऑगस्ट

नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झालाय. मुलं मायक्रोफोन घेऊन गेली, त्यांना हे काम फारच आवडलं. ढोलाचा खालचा ठोका त्यांच्या नोंदीत ६० ते ८० हर्ट्झच्या पट्ट्यात, ताशा बराच वर. डीजेच्या सबवूफरचा जोर ४० ते ६० मध्ये.

गैरसमज एक आहे आणि तो वाटतो त्याहून पसरलेला आहे: ठेका सेकंदाला दोन, म्हणून भिंतीला, चित्राला दोन हर्ट्झचा हादरा बसतो. तसं होत नाही. ठेका दोनचा असला तरी प्रत्येक ठोक्याच्या आत हवेचा दाब ५०-६० वेळा वर-खाली होतो. कॅनव्हासला तोच लागतो, आणि थेट लागतो, भिंतीतून नाही.

किती? ११० डेसिबल म्हणजे ६.३ पास्कल. ५० हर्ट्झला कॅनव्हास आपल्या पहिल्या वारंवारतेच्या खूप वर असतो, तिथे ताणाला फारसा अर्थ उरत नाही, फक्त वस्तुमान प्रतिकार करतं. हवेचं वजन धरलं-सोडलं तर वेग सेकंदाला १४ ते २५ मिमी, त्वरण गुरुत्वाच्या निम्म्यापासून पाऊणपटीपर्यंत. ही वरची मर्यादा. आवाज चौकटीला वळसा घालून मागेही जातो आणि दोन्ही बाजूंचा दाब काही अंशी बरोबरीत येतो. तरीही बसमुळे भिंतीला जे १ मिमी मिळत होतं, त्याच्या शेजारी हा आकडा ठेवून पाहावा. कार्यकारिणीचा डीजेवरचा संशय खरा होता, फक्त मार्ग भिंतीतून नसून खिडकीतून होता.

त्वरण एवढं असलं तरी ०.२ मिमी जाडीच्या रंगाच्या थराला त्याने बसणारी ओढ चौरस मीटरला तीन-साडेतीन न्यूटन. चिकटलेल्या रंगाला नगण्य. लटकलेल्या पापुद्र्याला, तेही रात्रभर, लाखो आवर्तनांनी, पुरेशी.

जाता जाता: आवाजाचे नियम ए-भारित डेसिबलमध्ये आहेत, म्हणजे कानाला कमी ऐकू येणारे सूर त्यात कमी धरतात. माणसाच्या कानासाठी ते ठीकच. पण ए-भारात ५० हर्ट्झचा आवाज ३० डेसिबलने कमी धरला जातो. तक्रार नोंदवायला येणाऱ्याच्या हातातलं मीटर जे सांगतं, त्यातून कॅनव्हासची हालत कळत नाही. आम्ही भार न लावता मोजतोय.

११ ऑगस्ट

पावसाची झड. सभागृहात आर्द्रता ८० टक्क्यांपर्यंत. नकली कॅनव्हास मुद्दाम तिथेच ठेवला होता. त्याची वारंवारता ७ वरून ५ च्या जवळ उतरलीय. ताण निम्म्यावर आला.

पथकातल्या जुन्या मंडळींना हे सांगावं लागत नाही. पावसात चामड्याचं पान उतरतं, मग ते शेकून घ्यावं लागतं किंवा हल्लीसारखं फायबरचं लावावं लागतं. कॅनव्हासवरचा सरस हा कातड्या-हाडांपासूनच काढलेला, म्हणजे मूळ द्रव्य तेच, आणि स्वभावही तोच: दमट हवेत मऊ पडून ताण सोडतो, कोरड्या हवेत आकसून ओढतो. शंभर वर्षांच्या चित्रात बराचसा ताण तागाच्या कापडात नसून या सरसातच असतो. आणखी वर, ८५ टक्क्यांच्या पुढे, तागाचं कापड स्वतः आकसायला लागतं आणि गणित पुन्हा उलटतं. जुन्या सरसाने पकड सोडलेली असताना खालचं कापड आकसलं तर रंग उचलला जातो. मॅडमच्या मते या चित्राचे पोपडे बहुतेक एखाद्या अशाच पावसाळ्यात सुटले, गणपतीत नंतर फक्त गळले. मला हे पटतं.

म्हणजे वर्षातला सर्वांत मोठा आवाज येतो तेव्हाच कॅनव्हास वर्षातला सर्वांत सैल असतो. भाद्रपदाला पर्याय नाही.

पाचरी ठोकून आत्ताच ताण वाढवायचा का? नको. ऑक्टोबरमध्ये हवा कोरडी झाली की सरस स्वतःच ओढेल आणि आपण घातलेला जादा ताण कोपऱ्यांतल्या भेगांवर येईल. पाचरी फक्त जागेवर बसवायच्या आणि मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याने बांधून टाकायच्या, पुन्हा खाचेत पडू नयेत म्हणून.

१९ ऑगस्ट

पाठीवर काय लावायचं. योजना: ४ मिमी पोकळ पॉलिकार्बोनेटचा पत्रा, स्ट्रेचरला आणि मधल्या आडव्या पट्टीला स्क्रूने, कॅनव्हासमागे सुमारे २० मिमी हवा. त्या पोकळीत पॉलिएस्टरची गादी (रजईत भरतात तसली, पण कोरी आणि बिनरंगी), पत्र्याला शिवलेली, कॅनव्हासला जेमतेम स्पर्श करणारी.

कोंडलेल्या २० मिमी हवेचा ताठरपणा कॅनव्हासच्या स्वतःच्या ताठरपणाच्या हजारपटीहून जास्त. पहिल्या प्रकारात सगळा कॅनव्हास एकदम आत-बाहेर होतो, त्याला मागची हवा दाबावी लागते, आणि तो गप्प बसतो. दुसऱ्या प्रकारात एक अर्धा आत, दुसरा बाहेर. हवा इकडून तिकडे सरकते आणि स्प्रिंग लागतच नाही. तिथे गादी उपयोगी, सरकणाऱ्या हवेला ती घासते. पत्रा मधोमध धरलेला नसेल तर तोच कॅनव्हाससोबत डोलायला लागतो आणि सगळी मेहनत वाया, म्हणून मधल्या पट्टीवरचे स्क्रू सोडायचे नाहीत.

इथे मॅडम आडव्या आल्या. पुण्याच्या पावसात चित्राची पाठ बंद करायची? बुरशी येईल. श्वास घ्यायला भोकं हवीत. मुलांना वाटलं, भोक पाडलं की स्प्रिंग गेली. दोन्ही बाजू ऐकल्यावर गणित करायला बसलो, आणि उत्तर मला स्वतःलाही अनपेक्षित होतं.

२० मिमी व्यासाचं एक भोक. कॅनव्हास आत आला की सगळी हवा त्या एवढ्याशा वाटेने बाहेर पडायची, म्हणून भोकातली हवा प्रचंड वेगाने धावते, आणि तिला तसं पळवायला जोर लागतो. तो जोर कॅनव्हासवर आणून मोजला तर सुमारे १६ किलो वस्तुमान जोडल्यासारखं होतं! कॅनव्हासचं स्वतःचं हलणारं वस्तुमान हवेसकट चारशे ग्रॅमही नाही. पहिली वारंवारता १ हर्ट्झच्या जवळ खाली जाते, जिथे बस नाही, ढोल नाही, काहीच नाही. दोन भोकं पाडली तर ८ किलो, तरी चालतं. पण खालच्या कडेला लांबच्या लांब २० मिमीची फट ठेवली तर जेमतेम अर्धा किलो, आणि फायदा संपला.

ठरलं ते असं: दोन भोकं, वर एक खाली एक, बारीक जाळी लावून, कारण पाली. आणि चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे, भिंतीपासून २५ मिमी अंतर राखायला. दमट भिंतीला चित्राची पाठ लागायला नको.

२५ ऑगस्ट

दोन दिवसांवर गणपती. पहिल्या चित्राचं काम झालं. मॅडमनी सुटलेला रंग बसवला, खाच मऊ ब्रशने रिकामी केली, पाचरी बांधल्या, मग पत्रा. सुतळी गेली, दोन बाजूंना दोन हुक आले, खालच्या कोपऱ्यांना सिलिकॉनची बटणं. चित्र आता भिंतीवर आपटत नाही. सगळ्यात स्वस्त काम हेच होतं, आणि ते पन्नास वर्षांपूर्वीही करता आलं असतं.

नकली कॅनव्हासवर मोजलं: टिचकीनंतर आयाम एका आंदोलनातच निम्म्यावर. अवमंदन २.२ वरून ११ टक्के.

दुसरं चित्र, ६० बाय ७५, एका देणगीदार बाईंचं, काठापदराचं लुगडं आणि मोत्यांची नथ. त्याची अवस्था पाहून मॅडमनी हात लावला नाही. उतरवलं आणि आतल्या, रस्त्यापासून लांबच्या खोलीत मेजावर आडवं ठेवलं. ते मुंबईला नेऊनच करायचं.

७ सप्टेंबर

मानाचे गणपती, मग रात्रभर बाकीची मंडळं, आज दुपारपर्यंत मिरवणूक चालूच. मुलं आळीपाळीने सभागृहात बसली. लाकडी झडपा बंद ठेवायला ग्रंथपालांनी आधी नकार दिला होता (वाचनालयातून मिरवणूक पाहण्याची परंपरा), शेवटी चित्रांच्या बाजूच्या खिडक्यांवर तडजोड झाली.

खिडकीबाहेर भार न लावता १११ डेसिबलपर्यंत. बंद झडपेआड, चित्रासमोर, १० ते १२ कमी. नुसत्या लाकडी झडपेने दाब तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर आणला! नकली कॅनव्हास शेजारीच टांगला होता, एकदा पत्र्यासह आणि एकदा पत्रा काढून. खालच्या पट्ट्यात, २० हर्ट्झखाली, पत्र्याने हालचाल जवळपास नाहीशी केली. ५० हर्ट्झला फरक आहे, पण त्या मानाने कमी, साधारण निम्मा. तिथे पत्रा स्वतःच हलतोय. ६ मिमीचा पत्रा किंवा आणखी एक आडवी पट्टी लागेल.

संस्थापकांच्या चित्राखाली पांढरा कागद अंथरला होता. त्यावर काही पडलं नाही. एका रात्रीच्या कागदावरून निष्कर्ष काढू नये, हे मुलांच्या अहवालात मी लाल शाईने लिहिलंय.

४ ऑक्टोबर

दुसऱ्या चित्राची पेटी. इथे दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. पेटी अर्ध्या मीटरवरून पडली तर चित्र वाचलं पाहिजे, त्यासाठी फोम हवा. ५० मिमीचा पॉलिइथिलीन फोम निम्मा दबला तर सरासरी २० जी (गुरुत्वाच्या वीसपट त्वरण), शिखर अंदाजे दुप्पट. चित्रांसाठी बऱ्याच ठिकाणी ५० जी ही मर्यादा धरतात, म्हणजे जमतं. पण त्याच फोमवर बसलेल्या पेटीची स्वतःची वारंवारता १० ते १५ हर्ट्झ, आणि या लहान कॅनव्हासची ११-१२. पडण्यासाठी योग्य असलेली गादी प्रवासात कॅनव्हासला नेमकी झुलवणार.

फोम मऊ करून वारंवारता ५ वर आणली तर टेम्पोच्या पाटा स्प्रिंगच्या वारंवारतेशी गाठ, आणि पडल्यावर फोम पुरता दबून तळ लागणार. म्हणून फोम तसाच ठेवून कॅनव्हासचीच वारंवारता हलवायची: आतमध्ये तात्पुरता पाठपत्रा आणि गादी, प्रवासापुरती, भोकांशिवाय.

उभं की आडवं, यावर मॅडमचा आणि माझा जुनाच वाद. गाडीचं कंपन मुख्यतः वर-खाली. चित्र उभं असलं तर ते कंपन कॅनव्हासच्या प्रतलात जातं, जिथे तो ताठ आहे. आडवं ठेवलं तर थेट पोटावर. मॅडमचं म्हणणं, सुटलेला रंग उभ्या चित्रावरून घरंगळतो, आडव्यावर निदान जागच्या जागी राहतो. दोघांचंही खरं. त्यांनी सुटलेल्या जागांवर पातळ जपानी कागद चिकटवून दिला आणि चित्र उभं गेलं, तोंड गाडीच्या बाजूच्या भिंतीकडे.

द्रुतगती मार्गावर पेटीतल्या नोंदी शांत होत्या. सगळ्यात मोठे दोन धक्के पेठेतून बाहेर पडतानाच्या गतिरोधकांवर मिळाले. पुढच्या वेळी चित्र हाताने मोठ्या रस्त्यापर्यंत न्यावं, मग गाडीत चढवावं. तीनशे मीटरचा प्रश्न आहे.

२८ ऑक्टोबर

दिवाळी झाली. आर्द्रता आता ४५ च्या आसपास, नकली कॅनव्हास ८ हर्ट्झवर चढलाय. पाचरी ठोकल्या नाहीत ते बरं झालं. संस्थापकांच्या कोपऱ्यांतल्या भेगांची छायाचित्रं जूनच्या छायाचित्रांवर ठेवून पाहिली, लांबी तीच.

शिल्लक कामं: उरलेल्या चित्रांना ६ मिमीचा पत्रा, मध्ये दोन पट्ट्या. मोठ्या चित्रांना आधी, लहानांना नंतर, कारण मोठी जास्त सैल आणि जास्त खालच्या वारंवारतेची. पत्र्याचा खर्च कार्यकारिणीने मान्य केलाय, रंग बसवण्याचा अजून नाही. मी लेखी कळवलंय की दुसरं होत नसेल तर पहिलंही करू नये. नकली कॅनव्हास सभागृहात कोपऱ्यात राहील, दर महिन्याला टिचकी मारून वारंवारता वहीत लिहायचं काम ग्रंथपालांच्या मदतनीसाने घेतलंय. फोनवरचं ॲप त्याला पुरतं. मार्चमध्ये, हवा सर्वांत कोरडी असताना, एक नोंद लेझरने घ्यायची आहे.